अक्षयनीवी आणि आईची मूठ

नाशिककर आपल्या पाहुण्यांना हौसेने पांडवलेणी दाखवायला नेतो. पाहुणे खांब पाहतात, फोटो काढतात आणि डोंगर उतरतात. मीही अनेक वर्षे असाच उतरत आलो. एकदा मात्र दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात शिलालेखांचे भाषांतर घेऊन बसलो आणि तिथल्या एका हिशेबाने मला धरून ठेवले.

हा लेख क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. उषवदात मोठा दानशूर. तीन लाख गाई दिल्या, वर्षाला लाख ब्राह्मणांना जेवू घातले, तापीसारख्या नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, असे त्याच्या दुसऱ्या एका लेखात कोरलेले आहे. आकडे वाचून माणूस दिपून जातो. पण मला भावले ते त्यामानाने छोटे दान.

लेणे संघाला देताना त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, दिले. ते भिक्षूंच्या हाती न देता नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे कारागीर संघांकडे, ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक व्याज, उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याज खर्चायचे. म्हणून नाव अक्षयनीवी, न संपणारी ठेव. आता हिशेब करा. दोन हजारांचे महिन्याला वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा. हिशेब काटेकोर जमतो!

पुढे आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेनेही अशीच ठेव तेली आणि इतर कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवली. हेतू एकच, आजारी भिक्षूंना औषध मिळावे.

या व्यवस्थेत मला एक मोठी समज दिसते. भिक्षूला दरवर्षी कुणापुढे हात पसरायचा नाही, दात्याचा मूड सांभाळायचा नाही. पाऊस जसा ठरल्या वेळी येतो, तसे वस्त्र येणार. घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

पण देणाऱ्याचे काय? ठेव ठेवून उषवदात मोकळा झाला. त्याचे मन दरवर्षी द्यायला शिकले का, हे शिलालेख सांगत नाही. ते मला आमच्या स्वयंपाकघरात दिसले होते. आई रोज भात टाकण्यापूर्वी घेतलेल्या तांदळातून एक मूठ काढून वेगळ्या डब्यात टाकायची. महागाई असो की पाहुणे, मूठ चुकायची नाही. महिनाअखेर डबा रिकामा व्हायचा. तांदूळ कुणाकडे जातात, हे आम्हा मुलांना कधीच कळले नाही. मला वाटते, तिलाही ते दान वाटत नसावे. चूल सारवणे, दिवा लावणे, तशीच ती मूठ.

याउलट माझे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. मी माझ्या ऐपतीबाहेर रक्कम पाठवली आणि पुढे दोन महिने भेटेल त्याला ते सांगत राहिलो. पुढच्या वर्षी काय दिले, ते आठवत नाही. कारण काही दिलेच नव्हते. आपत्तीत मदत हवीच. पण उमाळ्याने दिलेल्याबरोबर मिरवण्याची हौसही येते. रोज देणाऱ्याला मिरवायला फुरसत नसते. 'मी दिले' मधला 'मी' सवयीने झिजत जातो. माझ्या लेखी अध्यात्म म्हणतात ते याहून फारसे वेगळे नसावे.

हे श्रीमंतांपुरतेही नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये नागपूरला धर्मांतरानंतरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मकार्यासाठी मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला, तो बहुतांशी हातावर पोट असलेल्या माणसांकडे. आकडा ठरला की गरिबाचे देणेही संपूर्ण देणे होते.

आई गेल्यावर तो डबा बरेच दिवस रिकामाच होता. लेण्यातून उतरलो, त्या संध्याकाळी मी तो घासून ओट्यावर ठेवला. मूठ माझी आईपेक्षा मोठी आहे, पण कधीकधी चुकते. चुकली की दुसऱ्या दिवशी दोन टाकतो. मुद्दलाला मात्र अजून हात लावलेला नाही.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)