काळाची वही

शाळेंतून निवृत्त होतांना मीं आपला कार्यभार पुढील शिक्षकांच्या हातीं दिला, तेव्हां टेबलें, खुर्च्या व नकाशे यांची मला फारशी काळजी नव्हती. काळजी होती ती एका जनरल रजिस्टराची. मुलाचें नांव, जन्मतारीख, दाखल झाल्याचा व शाळा सोडल्याचा दिवस, सर्व कांहीं त्या एका जाड वहींत असतें. मजकडे ती वही आली ती मात्र कोणीहि रीतसर दिली नव्हती. आधींचे गृहस्थ एकाएकीं बदलून गेले होते व मधल्या दोन वर्षांचीं पानें कोरीं होतीं. त्या वर्षांतील मुलें पुढें मोठीं होऊन दाखल्यासाठीं येत, तेव्हां त्यांच्या तोंडाकडे पाहण्याचा मला धीर होत नसे.

आज ज्या वहीची हकीकत सांगावयाची आहे, तिच्यावर जगांतील बहुतेक संगणकांचीं घड्याळें चालतात. आणि एकदां तीहि अशीच बेवारस होण्याच्या बेतांत आली होती.

ज्या संगणकीय सॉफ्टवेअरची मूळ संहिता वाटेल त्यास वाचतां येते, उतरून घेतां येते व दुरुस्त करून पुन्हां वाटतां येते, त्यास ओपन सोर्स म्हणतात. टाइम झोन डेटाबेस नांवाचा जो संग्रह आहे तो या जातीचा. तो म्हणजे साध्या अक्षरांत लिहिलेल्या कांहीं फाइली. आफ्रिकेची एक, आशियाची एक, युरोपची एक, अशा. कोणत्या प्रदेशाचें घड्याळ ग्रिनिचच्या किती पुढें वा मागें, उन्हाळ्यांत तें कोणत्या दिवशीं सरकवितात, पूर्वीं काय चाल होती, हें तींत ओळीओळीनें नोंदलेलें असतें. लिनक्स, अँड्रॉइड व ॲपलचे संगणक याच संग्रहाच्या आधारें वेळ सांगतात. आपल्या खिशांतील मोबाइल भारतीय वेळ दाखवितो तो 'एशिया/कोलकाता' या नोंदीवरून.

या संग्रहाचा आरंभ १९८६ च्या सुमारास आर्थर डेव्हिड ओल्सन यांनीं केला. ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेंत नोकरीस होते. वेळेची ही वही राखणें हें कांहीं त्यांचें नेमलेलें काम नव्हे; तरी संस्थेच्या 'एल्सी' नांवाच्या यंत्रावर पंचवीस वर्षें ती राहिली. देशोदेशींचे लोक पत्रें लिहून कळवीत कीं, आमच्या सरकारनें अमुक दिवशीं घड्याळ बदललें, आणि तें तपासून तींत चढविलें जाई. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पॉल एगर्ट यांनीं यांत मोठा वांटा उचलला. कोणती माहिती कोठून घेतली याचे शेरे ते नोंदीशेजारीं लिहून ठेवीत. जुन्या काळाविषयींच्या अनेक शेऱ्यांत टॉमस शँक्स यांच्या वेळेच्या कोशांचा उल्लेख येई. असे कोश ज्योतिषी वापरतात. कारण पत्रिका मांडावयाची तर जन्मसमयीं त्या गांवचें घड्याळ काय दाखवीत होतें हें कळल्यावांचून गत्यंतर नाहीं. आपल्याकडील पंचांगवाल्यांस हें सांगावयास नकोच.

हेच प्रामाणिक शेरे पुढें संकटाचें कारण झाले. त्या कोशांवर आपला हक्क आहे असें म्हणणाऱ्या ॲस्ट्रोलेब नांवाच्या ज्योतिषविषयक सॉफ्टवेअरच्या कंपनीनें ३० सप्टेंबर २०११ रोजीं मॅसॅच्युसेट्समधील न्यायालयांत ओल्सन व एगर्ट या दोघांवर फिर्याद केली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यांतच ओल्सन यांच्याकडील भांडार बंद झालें व पत्रव्यवहाराची सोयहि थांबली. चालू घड्याळें कांहीं लगेच बंद पडलीं नाहींत, कारण वहीच्या प्रती सर्वत्र होत्याच. परंतु पुढचें पान लिहावें कोणीं व कोठें? एखाद्या देशानें उद्यां घड्याळ बदललें तर तें जगास कळवावयाचें अधिकृत ठिकाण उरलें नव्हतें.

येथें माझ्या मतें ओल्सन यांचें शहाणपण कामास आलें. निवृत्ति जवळ येत चालल्यानें आपल्यामागें ही वही कोणीं सांभाळावी याची चर्चा त्यांनीं व इतरांनीं खटल्यापूर्वींच सुरू केली होती. इंटरनेटवरील नांवें व क्रमांक यांची नोंद ठेवणारी आयाना ही संस्था तीस आश्रय देईल, असा मसुदाहि तयार होत होता. म्हणूनच १४ ऑक्टोबर २०११ रोजीं, म्हणजे पंधरवड्याच्या आंतच, आयानाचा कारभार पाहणाऱ्या आयकॅननें हें काम हातीं घेतलें. मजजवळ तशी तयारी असती तर तीं दोन वर्षांचीं पानें कोरीं राहतीं ना!

फेब्रुवारी २०१२ मध्यें या व्यवस्थेचे नियम प्रसिद्ध झाले. वही सांभाळणारा एक समन्वयक असावा, त्याच्या निर्णयावर अपील करतां यावें, तो निघून गेल्यास दुसरा नेमावा, आणि संग्रह कोणाच्याहि मालकीचा नसावा. समन्वयक अर्थातच एगर्ट झाले. त्याच महिन्यांत फिर्यादहि मागें घेण्यांत आली. घडलेल्या इतिहासाच्या नोंदी ही कोणाची मालमत्ता नव्हे, हें फिर्यादी कंपनीनें मान्य केलें व झालेल्या अडचणीबद्दल खेद प्रदर्शित केला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें १९९१ मध्यें टेलिफोनच्या यादीसंबंधीं याच तत्त्वाचा निकाल दिला होता. मग इतका खटाटोप कशासाठीं, असा प्रश्न मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

वही सांभाळणें म्हणजे नुसती कपाटांत ठेवणें नव्हे. मार्च २०२३ मध्यें लेबनॉनच्या सरकारनें उन्हाळी वेळ पुढें ढकलण्याचें ऐनवेळीं ठरविलें. वहींत ती सुधारणा झाली. पण देशांतील पुष्कळांनीं तो हुकूम मानलाच नाहीं, एकाच शहरांत दोन वेळा चालूं लागल्या, आणि अखेर सरकारनें माघार घेतली. तेव्हां आठवड्याच्या आंत वहीची दुसरी आवृत्ति काढून पहिली सुधारणा पुसावी लागली. मोरोक्कोनें २०१८ मध्यें अवघे दोन दिवस आधीं आपला बेत फिरविला होता. असल्या वेळीं राखणदारास कोणाचा हुकूम व कोणाची वहिवाट लिहावी हें स्वतःच ठरवावें लागतें.

त्यावरून रुसवेफुगवेहि होतात. ज्या दोन ठिकाणांचीं घड्याळें १९७० पासून सारखीं चाललीं त्यांस वेगळी नोंद नको, असा वहीचा दंडक आहे. त्यास अनुसरून २०२२ मध्यें ऑस्लो व स्टॉकहोम यांच्या १९७० पूर्वींच्या नोंदी मुख्य फाइलींतून निघून 'बॅकझोन' नांवाच्या बाजूच्या फाइलींत गेल्या, आणि तीं नांवें बर्लिनच्या नोंदीस जोडलीं गेलीं. आपल्या देशाचा इतिहास परक्याच्या नांवाखालीं गेला म्हणून कांहीं मंडळी चिडलीं. मला तें चिडणें समजतें. व्यवहारास सुटसुटीतपणा पाहिजे हें खरें. पण रजिस्टरांतील जुनें पान कोणी दुसऱ्या कपाटांत नेऊन ठेवूं लागला तर मीहि कुरकुर केली असती.

आपल्या मुंबईचेंच पहा. १ जानेवारी १९०६ पासून हिंदुस्थानची प्रमाण वेळ ग्रिनिचच्या साडेपांच तास पुढें ठरली. मुंबईकरांस तें रुचलें नाहीं. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटें पुढें असलेली 'मुंबई टाइम' नगरपालिकेनें सोडली नाहीं, आणि ३९ मिनिटांचा हा फरक शहरांत १९५५ पर्यंत टिकला. पण तो १९७० च्या आधींच संपला. म्हणून वहींत मुंबईची स्वतंत्र नोंद नाहीं. तेथें आपणांस कोलकात्याच्याच ओळीनें वेळ पाहावी लागते.