तुम्ही मूळचे कुठले?

रेल्वेच्या डब्यात ओळख झाली की आपल्याकडे दुसरा प्रश्न ठरलेला असतो. नाव-आडनाव सांगून झालं की समोरचा विचारतो, 'तुम्ही मूळचे कुठले?' माझं नाव आणि त्यानंतर माझं मराठी ऐकून काही जण तो दोनदा विचारतात. मी दोन्ही वेळा मिरज सांगतो. हा प्रश्न मला कधी फारसा आवडला नाही. पण २०१२ साली पुण्याच्या एका रुग्णालयात एका डॉक्टरबाईंनी तो माझ्या भाच्याला विचारला. त्या प्रश्नामागे शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे, हे मला पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं. मी डॉक्टर नाही. कविता लिहिणारा साधा बीए आहे. तेव्हा श्रोत्यांमधल्या जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

भाचा तेव्हा अठरा वर्षांचा होता. त्याच्या हाडांतल्या मज्जेने रक्त तयार करणं जवळजवळ थांबवलं होतं. थोरल्या बहिणीच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, त्याला द्यायचं ठरलं. डॉक्टरबाई कागद पुढ्यात घेऊन बसल्या आणि विचारू लागल्या. जन्म कुठला? लहानपण कुठे गेलं? शेतात अनवाणी फिरायचास का? कुठे परमुलखात राहिलास का? घरात कधी कुणाला क्षय झाला होता? बहिणीने ताबडतोब 'नाही' म्हटलं. मेहुण्यांनीही मान हलवली. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

आता जरा मागे जाऊ. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउन या लहान गावी डॉ. डॉनल थॉमस यांनी एकाची मज्जा दुसऱ्याच्या शिरेतून देण्याचे प्रयोग केले. १९५७ साली त्यांनी सहा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यातलं कुणी फार दिवस जगलं नाही. माणूस हट्टी होता. पुढे सिएटलला जाऊन त्यांनी हे तंत्र उभं केलं आणि १९९० साली त्यांना नोबेल मिळालं. तिथेच शिकून आलेल्या डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात आपल्या देशातलं पहिलं मज्जारोपण केलं. लहानपणी पोलिओ झालेला, चाकाच्या खुर्चीवरून फिरणारा हा डॉक्टर. १९८६ साली वेल्लोरलाही हे काम सुरू झालं.

या उपचारात आधी रुग्णाची जुनी मज्जा औषधांनी, कधी किरणांनी, रिकामी करतात. मग दात्याच्या पेशी सोडतात. त्या रुजून पांढऱ्या पेशी वाढायला दोन-तीन आठवडे लागतात. पण शरीराच्या संरक्षणाची जी जुनी स्मरणशक्ती असते, ती परत यायला वर्ष, कधी त्याहूनही जास्त लागतं. त्यात दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावरच उलटू नये म्हणून सायक्लोस्पोरिनसारखी औषधं द्यावी लागतात. त्या उलटल्याच तर स्टेरॉइडही. वाड्याचा राखणदारच काढून टाकल्यावर, माळ्यावर निजलेले जुने बिऱ्हाडकरू खाली उतरावेत, तसं होतं. आणि हे बिऱ्हाडकरू प्रत्येक मुलखात वेगळे असतात.

त्यातल्या एकाची कथा सांगतो. १८७६ साली फ्रान्सच्या तुलाँ बंदरात, कोचिनचायनातून म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनाममधून परतलेले सैनिक जुलाबांनी हैराण होऊन आले. नौदलाचे डॉक्टर लुई नॉर्मां यांना त्यांच्या विष्ठेत एक बारीक जंत सापडला. स्ट्राँगिलॉइडिस हे त्याचं नाव. तो घाण झालेल्या ओल्या मातीतून, अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतो. इतर जंतांची पिल्लं मोठी व्हायला शरीराबाहेर जावी लागतात. याची पिल्लं आतल्या आतच पुन्हा शरीरात शिरतात. त्यामुळे माणूस ती जमीन सोडून गेला तरी जंत त्याला सोडत नाही.

याचा पुरावा युद्धाने दिला. १९४२-४३ साली जपान्यांनी सयाम ते ब्रह्मदेश रेल्वे बांधून घेतली, ती युद्धकैद्यांकडून आणि मलायातून नेलेल्या मजुरांकडून. त्या मजुरांत तमिळ माणसं फार होती. त्यांचा इतिहास आपल्याकडे कुणी धड लिहिला नाही, हे जाता जाता सांगतो. सुटून घरी गेलेल्या ब्रिटिश सैनिकांची लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत तपासणी झाली, तेव्हा तीस-तीस वर्षांनंतरही काहींच्या पोटात हा जंत जिवंत सापडला. पाठीवर, कमरेवर खाजरी रेघ उठायची आणि विरून जायची, एवढीच खूण. पण अशा माणसाला स्टेरॉइड दिलं की पिल्लांना ऊत येतो. आतड्यातले जंतू अंगावर घेऊन ती रक्तात उतरतात आणि माणूस दगावू शकतो. मज्जारोपणात नेमकी हीच भीती. उपाय सोपा आहे, आयव्हरमेक्टिनच्या थोड्या गोळ्या आधी द्यायच्या. ते औषध ज्या सूक्ष्मजीवापासून निघालं, तोही जपानच्या मातीत सापडलेला. मात्र गोळी देण्यासाठी आधी विचारावं लागतं, बाळा, चिखलात अनवाणी फिरलास का?

प्रत्येक मुलखाचा असा एक प्रश्न आहे. ब्राझीलच्या माणसाला विचारतात, कुडाच्या घरात राहिलात का? त्या भिंतींच्या फटींतला किडा चावला की शिरणारा आजार डॉ. कार्लोस शागास यांनी १९०९ साली ओळखला. तोही वर्षानुवर्षं निजून राहतो. ॲरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या कोरड्या धुळीत एक बुरशी असते, मिसिसिपी आणि ओहायो नद्यांच्या खोऱ्यात दुसरी. बिहारच्या रुग्णाच्या बाबतीत काळा आजार आठवावा लागतो. आणि हे दात्यालाही विचारायचं, कारण त्याच्या रक्तातून मलेरियाही पाहुणा येऊ शकतो.

२००० साली अमेरिकेत अशा रुग्णांना संसर्गापासून जपण्याचे नियम छापून निघाले. रुग्ण कुठे राहिला, कुठे फिरला हे विचारा, असं त्यात होतं. पण त्यांची नजर मुख्यतः अमेरिकेतल्या रुग्णालयांवर होती. दरम्यान हे उपचार भारतात, ब्राझीलमध्ये, तुर्कस्तानात वाढले. २००९ साली अनेक देशांच्या संस्थांनी मिळून नियम पुन्हा लिहिले, तेव्हा एकेका प्रदेशापुरत्या आजारांना त्यात स्वतंत्र प्रकरण मिळालं. मला वाटतं, वैद्यकाच्या पुस्तकात भूगोलाला तिथे हक्काची खुर्ची मिळाली.

आपल्या मुलखाचा प्रश्न मात्र क्षयाचा. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांत क्षयाच्या संसर्गाची खूण आढळली. म्हणजे तिघांतला जवळजवळ एक. बहुतेकांना तो आजार कधीच होत नाही. त्यामुळे हातावर सुई टोचून होणारी चाचणी आपल्याकडे फार काही सांगत नाही. शिवाय ज्याची प्रतिकारशक्तीच क्षीण झाली आहे, त्याच्या हातावर ती उमटेलच असंही नाही. मग डॉक्टरांच्या हाती काय उरतं? छातीचा फोटो आणि घरच्यांची जबान.

आणि घरचे खोटं बोलतात. मिरज-सांगलीच्या मध्ये डॉ. वानलेस यांनी १९२० साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम काढलं, त्याला वानलेसवाडी म्हणतात. माझ्या लहानपणी आमच्या मोहल्ल्यातल्या बाया हा शब्द आवाज उतरवून बोलत. 'तिची सास वानलेसवाडीला होती' एवढं म्हटलं की स्थळ मोडलं.

माझ्या बहिणीच्या सासूबाई २००१ साली चंदगडहून मिरजेला आल्या, तेव्हा त्यांना दवाखान्यात मीच माझ्या स्कूटरवरून नेलं होतं. सहा महिने औषध चाललं. घरात नाव दिलं, जुनाट दमा. नातू सात वर्षांचा होता आणि रात्री दादीच्या कुशीत निजायचा. २०१२ साली त्या हयात नव्हत्या. पण पेशी देणाऱ्या भाचीच्या लग्नाची बोलणी चालली होती आणि मुलाकडची माणसं रुग्णालयात भेटायला येत होती.

रात्री मी बहिणीला म्हटलं, सांगून टाकू. ती म्हणाली, 'भाई, पोरगी देतीय ना आपलं रक्त? आता तिच्याच कपाळी हे लिहू?' मला उत्तर सुचलं नाही. सकाळी मी एकटाच जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. कोणत्या साली, औषध पूर्ण झालं का, मुलगा किती वर्षांचा होता, एवढं विचारून त्यांनी लाल पेनने फाइलवर लिहिलं आणि छातीचा स्कॅन करायला सांगितला. त्यात काही निघालं नाही.

रोपणानंतर सातव्या महिन्यात त्याला संध्याकाळचा ताप येऊ लागला आणि मानेत गाठ आली. ती लाल ओळ होती म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी गाठीतलं पाणी तपासायला पाठवलं. क्षयच होता. क्षयाचं रिफाम्पिसिन दिलं की सायक्लोस्पोरिनचं रक्तातलं प्रमाण घसरतं, म्हणून पुढचे महिने आठवड्याला रक्त तपासून मात्रा ठरवावी लागली.

भाचीचं ते स्थळ मोडलं. बहीण माझ्याशी चार महिने बोलली नाही. भाचीचं लग्न पुढे तीन वर्षांनी झालं. भाचा आता कोल्हापुरात नोकरी करतो आणि दरसाल तपासणीला जातो. कधी टेबलापलीकडे नवा डॉक्टर असला तर फाइल उघडायच्या आधी तोच सांगतो, 'मी चंदगडचा. भाताच्या खाचरात वाढलो. घरात दादीला क्षय होता.'

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)