जुना गहू आणि नवा गहू

सणासुदीला आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं खपली गव्हाची खीर शिजते. रोजची पोळी मात्र बाजारांतील दुसऱ्याच गव्हाची असते. एकाच स्वयंपाकघरांत नांदणाऱ्या या दोन गव्हांपैकीं श्रेष्ठ कोणता, असा वाद अलीकडे वारंवार ऐकूं येतो. कोणी म्हणतात, जुनें तें सोनें. कोणी म्हणतात, नव्या गव्हानेंच देश जगविला. निवाडा देण्यापूर्वीं उभयतांचा पूर्ववृत्तांत पाहणें बरें.

प्रथम उत्पन्नाचा विचार करूं. आपल्या देशांतील जुने गहू उंच वाढणारे. खतपाणी बेताचें असे तोंवर या उंचीनें कांहीं बिघडत नसे. उलट गुरांना भुसा भरपूर मिळे. परंतु खत अधिक घालतांच ओंबी जड होई, काड वाके आणि पीक लोळे. बिहारमधील पुसा येथें १९०५ सालापासून आल्बर्ट व गॅब्रिएल हॉवर्ड या दांपत्यानें देशी गव्हांतून निवड करून उत्तम वाण तयार केले. तथापि लोळण्याची अडचण पुरती दूर झाली नाहीं. १९५०-५१ मध्यें देशाचें सरासरी उत्पन्न हेक्टरी सुमारें ६६० किलो होतें.

या दोषावरील उपाय जपानमधून आला. तेथील ‘नोरिन १०’ या ठेंगण्या गव्हाचें बीं १९४६ सालीं अमेरिकेंत नेण्यांत आलें. पुढें मेक्सिकोंत नॉर्मन बोरलॉग यांनीं त्याच्या संकरांतून आखूड व बळकट काडाचे वाण सिद्ध केले. १९६६ सालीं भारतानें मेक्सिकोहून १८,००० टन बियाणें आणिलें. १९६४-६५ सालीं देशांत सुमारें सव्वा कोटि टन गहू पिकला होता. १९६७-६८ सालीं तो सुमारें एक कोटि पासष्ट लक्ष टन पिकला. आज सरासरी उत्पन्न हेक्टरी साडेतीन हजार किलोंच्या आसपास आहे. मात्र हें श्रेय एकट्या बियाण्याचें नव्हे; कालव्याविहिरींचें पाणी आणि रासायनिक खत हे त्याचे भागीदार होत. त्यांवांचून ठेंगण्या गव्हाचें हें वैभव दिसत नाहीं.

आतां टिकावाचा प्रश्न. जुना तेवढा चिवट, ही समजूत इतिहासाला मान्य नाहीं. १९४६-४७ सालीं मध्य हिंदुस्थानांत तांबेरा पडला, तेव्हां शेतांत उंच गहूच उभे होते, आणि हानि अपरिमित झाली. नवा तेवढा अभेद्य, हेंही खरें नाहीं. ‘कल्याणसोना’ हा ठेंगणा वाण अल्पावधींत लक्षावधि एकरांवर पसरला आणि १९७० नंतरच्या दशकांत तांबेऱ्यानें त्याला गांठलें. सर्वत्र एकच वाण पेरला, म्हणजे एक कुलूप उघडतांच चोराला सारा वाडा मोकळा सांपडतो.

मग खपलीची थोरवी कशांत? अमेरिकेंतील मिनेसोटा येथें स्टॅकमन आणि लेव्हिन यांनीं तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठीं बारा गहू निवडले, त्यांत आपली खपली होती. ज्या जातींपुढें इतर गहू शरण जात, त्यांपैकीं पुष्कळांना ती दाद देत नसे. हेच स्टॅकमन बोरलॉग यांचे गुरु. पुढें १९९८ सालीं युगांडांत आढळलेल्या नव्या तांबेऱ्यानें जगभरच्या नामांकित वाणांना धोका निर्माण केला, तेव्हां खपलीपासून साध्या गव्हांत पूर्वींच उतरविलेला एक प्रतिकारक गुण त्यापुढेंही उपयोगी ठरला. खपलीचें उत्पन्न थोडें, टरफल दाण्याला घट्ट, कांडण्याचें काम कष्टाचें. तरी तिच्या पोटीं हें धन होतें.

तात्पर्य, टिकाव हा जुनेपणाचाही गुण नव्हे आणि नवेपणाचाही नव्हे. तो विविधतेचा गुण आहे. कोट्यवधि मुखांना रोजची भाकरी पुरविण्याचें काम नव्या गव्हावांचून होणार नाहीं. पण त्याच्यावर संकट येतें तेव्हां औषध जुन्याच्या कोठारांत शोधावें लागतें. पीक थोडें म्हणून शेतकऱ्यांनीं खपली पूर्वींच सोडून दिली असती, तर संशोधकांच्या हातीं ती कोठून येती? बियाणें शीतगृहांत जपतां येतें, आणि तें जपलेंही जातें; परंतु शेतांत त्याला जागा मिळण्यासाठीं घरांत मागणी असावी लागते. आपल्या घरीं खपलीची खीर शिजते, म्हणून कोणीतरी खपली पेरतो, एवढें ध्यानांत ठेवावें.