रविवारची सुट्टी : गिरणीच्या भोंग्यापासून मोबाइलपर्यंत

रविवारची सुट्टी ही इंग्रजांची देणगी, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र ती झगडून मिळवावी लागली.

एकोणिसाव्या शतकात गिरण्यांचे काम दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत चाले. साहजिकच उन्हाळ्यात कामगाराचा दिवस आणखी लांबत असे. १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने संरक्षण दिले ते केवळ मुलांना. प्रौढांच्या कामाच्या तासांवर कोणतेच बंधन नव्हते.

लोखंडे यांचा लढा

‘दीनबंधु’चे संपादक आणि महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघात झाल्यास भरपाई, अशा त्यांच्या मागण्या होत्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज सरकारी आयोगाकडे गेला. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कायद्याने तिला आधार दिला.

तासांची मर्यादा

पुढची वाटचाल संथ होती. आठवड्याच्या कामाची मर्यादा १९२२ मध्ये ६० तास, १९३४ मध्ये बारमाही कारखान्यांसाठी ५४ तास आणि १९४६ मध्ये ४८ तास झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने तीच कायम ठेवली.

आरोग्याचा प्रश्न

या मर्यादेमागे केवळ दयाभाव नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास वा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी, तर हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो.

नवे गाऱ्हाणे

भोंगा वाजला की गिरणीचे काम तिथेच राही. आज कचेरी मोबाइलमधून घरात शिरते; जेवणाच्या ताटावर साहेबांचा संदेश येतो आणि त्या वेळेची हजेरीपटावर नोंद होत नाही. फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याच्या हक्काला कायद्यात स्थान दिले. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत याच आशयाचे खासगी विधेयक मांडले. त्याचा कायदा झाला नाही.

लोखंडे यांनी मागितला होता तो आठवड्यातला एक दिवस, ज्यावर मालकाची सत्ता चालणार नाही. तो दिवस कॅलेंडरवर आजही लाल अक्षरांत छापला जातो. मात्र तो खरोखर आपला आहे का, हे रविवारी फोन हाती घेताना प्रत्येकाने स्वतःला विचारावे.