गौहरजानने आपले नाव का सांगितले? मोबाइलमधील चित्रफिती आणि सव्वाशे वर्षांचा इतिहास

१.
आजचा धागा नेहमीपेक्षा थोडा वेगळा आहे. गड, लढाया आणि वंशावळी बाजूला ठेवून आज आपण खिशातील मोबाइलपासून सुरुवात करणार आहोत आणि तिथून सव्वाशे वर्षे मागे जाणार आहोत. गेल्या डिसेंबरात पुण्यातील एका संगीत महोत्सवात मी भारतीय बैठकीत बसले होते. गायिकेचा स्वर तार षड्जावर जाऊन स्थिरावला आणि त्याच क्षणी माझ्यासमोर असंख्य पडदे उजळले. खोटे कशाला बोलू, माझाही हात वर गेला होता.

२.
घरी येऊन ती ४० सेकंदांची चित्रफीत पाहिली. त्यात पुढे बसलेल्या काकांचे डोके होते, दूरवर ठिपक्याएवढे व्यासपीठ होते आणि फाटलेला आवाज होता. राग कोणता, साथीला कोण, याची नोंद मी कुठेच केली नव्हती. ज्या स्वरासाठी फोन बाहेर काढला, तो स्वर ऐकायचाच राहून गेला. कारण त्या वेळी मी चौकट सरळ करण्यात गुंतले होते. मग प्रश्न पडला, ही चित्रफीत पुढे कोणाच्या उपयोगी पडेल काय?

३.
इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपण साधनांविषयी बोलतो, तेव्हा दफ्तरे, ताम्रपट, नाणी यांचा विचार करतो. पण विसाव्या शतकापासून यंत्राने टिपलेला आवाज आणि हलते चित्र हीदेखील साधने झाली. ती कशी निर्माण झाली आणि त्यांतील काही का टिकली, काही का नष्ट झाली, हे पाहिले की आपल्या फोनमधील गर्दीकडे वेगळ्या नजरेने पाहता येते. त्यासाठी चौघांची गोष्ट पाहू.

४.
पहिली गोष्ट मुंबईची. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रपटांचा भारतातील पहिला खेळ झाला. प्रवेशमूल्य होते एक रुपया. काळा घोडा परिसरातील ही लोखंडी सांगाड्याची इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून ओळखली जाते. हे नवे कौतुक पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, भारावून गेले. ते व्यवसायाने छायाचित्रकार होते. त्यांनी लंडनहून २१ गिनींना चलचित्रणाचा कॅमेरा मागवला.

५.
सावेदादांनी सर्वप्रथम काय टिपले? कुस्ती! १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी यांची लढत त्यांनी चित्रित केली. चित्रफीत धुण्यासाठी लंडनला पाठवावी लागली. पुढे डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर ठरलेले रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हा चौपाटीवरील त्यांचे स्वागतही सावेदादांनी टिपले. भारतीय वार्तापटाचा आरंभ म्हणून या चित्रणाकडे पाहिले जाते.

६.
आता लक्षात घ्या, सावेदादांनी राजवाडा किंवा देऊळ निवडले नाही. त्यांनी निवडली समोर चाललेली झुंज, जमलेली माणसे आणि घडता प्रसंग. आज महोत्सवात फोन उंचावणाऱ्या श्रोत्याची ऊर्मी याहून फार निराळी नाही. ‘हे आत्ता घडते आहे, ते धरून ठेवावे’ ही ओढ यंत्राच्या पहिल्या दिवसापासूनची आहे. तेव्हा आजच्या पिढीला ऐन प्रसंगी रमता येत नाही, असा सरसकट ठपका ठेवण्यापूर्वी सावेदादांची आठवण ठेवावी.

७.
पण गोष्टीचा उत्तरार्ध कडू आहे. ती कुस्तीही आज पाहायला मिळत नाही आणि तो स्वागतसोहळाही. त्या काळातील चित्रफिती नायट्रोसेल्युलोजच्या असत. हा पदार्थ चटकन पेट घेतो आणि नीट न सांभाळल्यास आपोआप कुजून त्याची भुकटी होते. म्हणजे सावेदादांच्या कुस्तीविषयी आपल्याला जे ठाऊक आहे, ते चित्रामुळे नव्हे, तर शब्दांत राहिलेल्या नोंदींमुळे. यंत्राने टिपलेले गेले आणि कागदावर लिहिलेले राहिले.

८.
दुसरी गोष्ट कलकत्त्याची. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग याने तेथे गौहरजानचे गाणे मुद्रित केले. तेव्हा विजेवर चालणारा मायक्रोफोन नव्हता. ती सोय १९२५ च्या सुमारास आली. गायकाने मोठ्या कर्ण्यासमोर तोंड नेऊन जोरात गायचे, त्या आवाजाने पडदा थरथरायचा आणि सुई मेणाच्या तबकडीवर रेघ कोरायची. वेळ मिळे जेमतेम तीन मिनिटे. तासभर फुलणारा राग तेवढ्यात बसवायचा!

९.
गौहरजानने ते आव्हान पेलले आणि गाणे संपताच तारस्वरात इंग्रजीतून घोषणा केली, ‘माय नेम इज गौहरजान’. आज ऐकताना आपल्याला हा तिचा दिमाख वाटतो, आणि दिमाख त्यात होताच. परंतु त्यामागे व्यावहारिक कारणही होते. तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हानोव्हर शहरात. तेथील कारागिरांना भारतीय भाषा येत नव्हत्या. आवाज कोणाचा हे त्यांना कळावे आणि योग्य तबकडीवर योग्य नाव लागावे, म्हणून गायक आपले नाव उच्चारत.

१०.
आजच्या भाषेत सांगायचे तर गौहरजानने स्वतःच्या मुद्रणात त्याचा ‘मेटाडेटा’ भरला! आणि तो अशा जागी भरला की वेष्टन फाटले, कागद गहाळ झाला, लेबल पुसले, तरी नाव गाण्यापासून वेगळे होणार नाही. त्या काळातील अनेक गायिकांची नावे अशा घोषणांमुळेच आज निश्चितपणे सांगता येतात. पुराभिलेखशास्त्राच्या वर्गात मूळ कागद आणि त्याची नोंद यांचे नाते शिकताना मला दरवेळी ही तबकडी आठवते.

११.
तिसरी गोष्ट न टिपलेल्या आवाजाची. भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) हे आपल्या काळातील थोर गवई. १९१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘संगीत स्वयंवर’ या नाटकातील पदांना त्यांनी चाली दिल्या. ते हयात असताना ध्वनिमुद्रण भारतात स्थिरावले होते. १९०८ मध्ये कलकत्त्यात तबकड्यांचा कारखानाही निघाला होता. तरीही बुवांच्या गाण्याचे एकही मुद्रण नाही. त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांचे आवाज मात्र तबकड्यांवर आहेत.

१२.
याचा परिणाम पाहा. गुरूविषयी आपण आठवणी वाचतो, शिष्याला मात्र ऐकतो. नाट्यगृहात ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’ घेत बालगंधर्व जे पद रंगवीत, त्याचे तीन मिनिटांचे रूप आज प्रमाण मानले जाते. कारण यंत्रात तेवढेच मावले. तबकडीवरील गाणे म्हणजे रंगमंचावरील गाणे नव्हे, हे साधन वापरताना सतत ध्यानात ठेवावे लागते. आपली ४० सेकंदांची चित्रफीतही अशीच. ती मैफल नव्हे. मैफलीतून आपण उचललेला एक कण आहे.

१३.
चौथी गोष्ट गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकरांची. अल्लादिया खाँसाहेबांच्या या शिष्येने काही तबकड्या दिल्या, पण यंत्राविषयी त्यांच्या मनात अढी होती. आपले गाणे समोर बसून ऐकावे, ते कोणाच्याही हाती जाऊ नये, अशी त्यांची भूमिका सांगितली जाते. आणि नियतीचा खेळ असा की, १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पाठवलेल्या सुवर्ण तबकडीत भारतातर्फे त्यांचीच भैरवी गेली. १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई निवर्तल्या. व्हॉयेजर-१ अवघ्या ११ दिवसांपूर्वी झेपावले होते.

१४.
केसरबाईंची अढी मला आज अधिक समजते. आपला आवाज कोणी, कुठे, किती वेळ ठेवावा, हे ठरवण्याचा अधिकार कलावंताला आहे की नाही? शेकडो फोन उंचावलेल्या सभागृहात हा प्रश्न कोणी विचारतही नाही. माझे मत असे की, निवेदक मुद्रण करू नका म्हणत असेल तर फोन खिशात राहावा. घरगुती बैठकीत तर आधी विचारावे. अनुमतीवाचून घेतलेले साधन उद्याच्या अभ्यासकालाही अडचणीत टाकते.

१५.
यानंतर यंत्र झपाट्याने सामान्य श्रोत्याच्या हाती आले. १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढील दशकांत रसिकांनी घरगुती बैठकी मुद्रित केल्या. २००० मध्ये जपानमध्ये शार्पचा कॅमेरा असलेला फोन आला. त्याचे छायाचित्र सुमारे १ लाख १० हजार बिंदूंचे होते. आज साध्या फोनचा कॅमेराही त्याच्या शेकडो पट बिंदू टिपतो. आपल्यापैकी प्रत्येक जण आता सावेदादा आहे.

१६.
मात्र कॅसेटच्या पिढीची एक सवय आपण सोडली. त्या डबीतील कागदावर बॉलपेनने लिहिलेले असे: कलाकार, राग, स्थळ, तारीख, तबल्यावर कोण, पेटीवर कोण. फोन तारीख लिहितो, कधी ठिकाणही लिहितो. पण गाणारे कोण होते हे तो लिहीत नाही. शिवाय चित्रफीत संदेशाच्या ॲपवरून पुढे गेली की तिचे आकारमान घटते, मूळ नाव बदलते आणि पुष्कळदा आतील नोंदीही गळून पडतात. दहाव्या माणसाकडे पोहोचते ते निनावी पोर.

१७.
हे मी पुस्तकातून शिकले नाही. २०१९ च्या दिवाळीत साताऱ्याकडील आमच्या गावी आजी आणि तिच्या ओळखीची एक बाई पडवीत बसून जात्यावरच्या ओव्या म्हणत होत्या. मी चार मिनिटांचे मुद्रण केले. चित्र अंधारलेले आहे, पण दोन्ही आवाज स्वच्छ आहेत. एक ओवी आजी म्हणते, दुसरी त्या बाई उचलतात. २०२१ मध्ये आजी गेली. त्यानंतर कितीतरी दिवस ती फीत उघडण्याचे धैर्य मला झाले नाही.

१८.
यंदा उघडली, तेव्हा कळले की दुसरा आवाज कोणाचा हे मला ठाऊक नाही. आईने एक नाव सांगितले, काकांनी दुसरे, आत्याने तिसरेच. फितीचे नाव म्हणजे नुसते आकडे. आजीच्या ओव्या मला अन्य कोणी सांगू शकेल; पण त्या ओव्यांना उत्तर देणाऱ्या बाईची ओळख सांगणारी आजीच होती. मी इतिहासात पदव्युत्तर शिक्षण घेते, साधनचिकित्सेवर निबंध लिहिते, आणि माझ्याच हातून एक स्त्री निनावी राहिली. गौहरजानने मात्र तीन मिनिटांतही नावापुरती जागा राखली होती.

१९.
म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी घरातील वृद्धांचे गाणे, गावातील भारूड, दशावतार किंवा मित्राची पहिली मैफल टिपाल, तेव्हा शेवटची दहा सेकंदे राखून ठेवा. कॅमेरा चालू असतानाच म्हणा: आज अमुक तारीख, हे अमुक गाव, गाणारे अमुक. शक्य असेल तर त्यांनाच त्यांचे नाव सांगू द्या. मूळ फीत संगणकावर आणि आणखी एका जागी उतरवा. आणि एखाद्या मोठ्या स्वराच्या वेळी फोन खाली ठेवून नुसते ऐका. श्रोत्याने लिहिलेली आठवणही साधनच असते. भास्करबुवा आपल्यापर्यंत तशाच पोहोचले आहेत.

२०.
या दिवाळीत मी ती फीत घेऊन गावी जाणार आहे. आजीच्या वयाच्या ज्या दोघी-तिघी उरल्या आहेत, त्यांच्या कानाशी फोन धरणार आहे. त्यांतील एखादी आवाज ओळखेल, कदाचित स्वतःचाच. नाव मिळाले तर याच धाग्याखाली लिहीन. तोवर तुमच्या फोनमधील सर्वांत जुनी निनावी चित्रफीत उघडा आणि ज्यांना ते नाव ठाऊक आहे, त्यांना आजच फोन करा.