जुनी गिटार कोटींची, मग मिरजेची सतार का नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा मजकूर. आज दोन प्रश्न आहेत. सत्तर वर्षांपूर्वीची इलेक्ट्रिक गिटार आज कोटींना का जाते? आणि आपल्या मिरजेची जुनी सतार तशी का जात नाही?

सुरुवात एका लिलावापासून करू. २० जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजने पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिलमोरच्या गिटारी विकल्या. त्यात १९५४ ची एक पांढरी स्ट्रॅटोकास्टर होती, नंबर ०००१. ती १८ लाख १५ हजार डॉलरला गेली, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेबारा कोटी रुपयांच्या आसपास. गिलमोरचं नाव तिच्यामागे होतंच. पण गंमत अशी की नंबर ०००१ असला, तरी ती फेंडर कंपनीने बनवलेली पहिली स्ट्रॅटोकास्टर नव्हे. तिच्या आधी काही बनून गेल्या होत्या. तरी त्या चार आकड्यांना मोल आलंच. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता थोडं मागे जाऊ. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्याने विचार केला तो दुरुस्तीवाल्याच्या डोक्याने: गिटारीची मान डिंकाने चिकटवायची कशाला? चार स्क्रू मारा, बिघडली की बदला. १९५० साली त्याची ब्रॉडकास्टर आली. ग्रेच कंपनीकडे तसंच नाव आधीपासून होतं, म्हणून १९५१ मध्ये फेंडरने नाव काढून टाकलं आणि काही महिने गिटारी बिननावाच्याच विकल्या. पुढे तीच टेलिकास्टर झाली. त्या मधल्या बिननावाच्या गिटारींना संग्राहक आज 'नोकास्टर' म्हणतात आणि शोधत फिरतात.

म्हणजे बघा, 'हातानं बनवलेली' हे अर्धंच खरं. हा कारखाना होता, पण यंत्रांच्या मध्ये माणसाचे हात होते. मानेची गोलाई कामगार हाताने घासून काढत. टाडेओ गोमेझ नावाचा कामगार मानेच्या टोकाला पेन्सिलीने 'टीजी' अशी अक्षरं आणि तारीख घालायचा. आतली वायरिंग करणाऱ्या बायका चिकटपट्टीवर आपलं नाव लिहून ती आत लावायच्या. आवाज पकडणारा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली केसाएवढी बारीक तांब्याची तार. ती गुंडाळताना बोटांनी सांभाळावी लागे, त्यामुळे वेढे कमीजास्त व्हायचे आणि दोन गिटारी तंतोतंत सारख्या वाजत नसत.

जानेवारी १९६५ मध्ये सीबीएसने १ कोटी ३० लाख डॉलर देऊन फेंडर विकत घेतली. उत्पादन वाढलं, खर्च कापला गेला, आणि बाजारात एक रेघ पडली: सीबीएसच्या आधीची आणि नंतरची. अलीकडची महाग, पलीकडची त्या मानाने स्वस्त.

गिब्सनची कथा आणखी मजेशीर आहे. १९५८ ते १९६० या काळातली सनबर्स्ट रंगाची लेस पॉल स्टँडर्ड तेव्हा तीनशे डॉलरच्या आत मिळायची, तरी खपली नाही. कंपनीने ती बंद केली. अशा गिटारी दोन हजारही बनल्या नसाव्यात. मग १९६६ मध्ये जॉन मेयॉलच्या अल्बमवर एरिक क्लॅप्टनने तशीच गिटार वाजवली, आणि सगळ्यांना ती हवी झाली. आज तिला काही लाख डॉलर पडतात. तिच्या पिकअपखाली 'पेटंटसाठी अर्ज केला आहे' अशी चिठ्ठी चिकटवलेली असते. त्या चिठ्ठीवरून पिकअपचा काळ ओळखला जातो.

मग जुन्याचा आवाजच भारी असतो का? थोडाफार असेलही, पण व्हायोलिनवाल्यांचा अनुभव बघा. २०१० साली इंडियानापोलिसमध्ये संशोधकांनी २१ वादकांना डोळ्यांवर गडद चष्मे लावून वाद्यं वाजवायला दिली. तीन नवी, तीन जुनी, त्यात दोन स्ट्राडिव्हेरियस. सगळ्यात जास्त पसंती नव्या वाद्याला मिळाली, आणि सगळ्यात कमी एका स्ट्राडिव्हेरियसला. तेव्हा नुसत्या आवाजाने ही किंमत समजत नाही.

माझं मत असं: ही किंमत हाताची कमी आणि नोंदीची जास्त आहे. कोणी, कधी, कुठल्या तारेने बनवलं, हे त्या लाकडावरच वाचता येतं. म्हणूनच जुन्या गिटारीला नवा रंग दिला की तिचा भाव साधारण निम्म्यावर येतो. दुरुस्तीने वाद्य सुधारलं तरी पुरावा पुसला जातो. आम्ही सॉफ्टवेअरवाले गिटमध्ये कुठली ओळ कोणी कधी बदलली ते जपतो, तसंच हे.

आता मिरजेला या. तिथली परंपरा साधारण १८५० पर्यंत मागे जाते. शस्त्रांना धार लावणारी, घडवणारी शिकलगार मंडळी इंग्रजी अमलात शस्त्रांचं काम आटल्यावर तंतुवाद्यांकडे वळली. फरीदसाहेब हे नाव त्यात पहिलं घेतात. पटवर्धन संस्थानचा आश्रय मिळाला, गवई आले. उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. पंढरपूर-मंगळवेढा भागातला भोपळा आणायचा, वाळवायचा, कापायचा, दांडी जोडायची, नक्षी करायची, आणि शेवटी घोडी कानस मारून घासत जवारी लावायची. हे सगळं आजही हाताने चालतं. फेंडरच्या कारखान्यात नव्हती इतकी हातकारागिरी इथं आहे. तरी भाव नाही.

एक कारण आपल्या वापरात आहे. जवारी झिजली की पुन्हा घासायची, भोपळा फुटला की बदलायचा, पडदे पुन्हा बांधायचे. आपल्याकडे दुरुस्ती ही वाद्याची सेवा असते. त्यात वाईट काही नाही, पण मूळ भाग टिकत नाहीत, आणि नोंद वेगळी लिहिलेली नसली की इतिहास संपतो. आमच्या पिंगळीत भजनात जी वीणा गळ्यात घालतात, ती कोणी आणि कधी बनवली असं मी म्हाताऱ्या माणसांना विचारलं. उत्तर आलं, "आमच्या आज्याच्या वेळची हाये." बस, एवढंच.

जिथं नाव टिकलं तिथं मान टिकला. कलकत्त्याच्या कनाईलाल किंवा हिरेन रॉय यांच्या जुन्या सतारी वादक नाव विचारून शोधतात. नोडू मलिक यांनी १९६१ मध्ये रविशंकरांसाठी बनवलेली सतार २०१७ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, कारागिराच्या नावासकट.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आनंदाची गोष्ट आहे, नकली मालाला त्याने आळा बसू शकतो. पण मानांकन गावाचं नाव सांगतं. कुठल्या कारागिराचा हात, कुठलं वर्ष, कुठला भोपळा, जवारी कोणी लावली, हे ते सांगत नाही. आणि आपण बघितलं की बाजार मोजतो ते नेमकं हेच. आजची सतार पन्नास वर्षांनी कारागिराच्या नातवाला काही देऊन जायची असेल, तर आज तिच्या आत एक चिठ्ठी हवी, आणि तीच माहिती एका वहीतही हवी. खर्च जवळजवळ शून्य. पोरांनी हा धंदा का धरावा, या प्रश्नाचं सगळं उत्तर त्यात नाही, पण नावाशिवाय तर उत्तरच नाही.

तुमच्या घरी, देवळात, मंडळात जुना तंबोरा, वीणा, पेटी असेल तर एक काम करा. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा, सांगतील ते तारखेसह कागदावर लिहा आणि वाद्याच्या गवसणीत ठेवा. दुरुस्ती केली तर तीही लिहा, बदललेला भाग फेकू नका. पुढच्या भागात पेटीबद्दल बोलू. तोवर, राम राम!