शनिवारवाडा पटांगण

शनिवारवाडा पटांगण हे पुणे शहरातील शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोरील खुले मैदान आहे. तटाच्या आतील उद्यान आणि तटाबाहेरचे हे पटांगण मिळून ऐतिहासिक अवशेषांभोवती सार्वजनिक जागा घडवण्याचे महाराष्ट्रातील एक ठळक उदाहरण आहे.

पार्श्वभूमी

पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी वाड्याची पायाभरणी केली व १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर वाडा इंग्रजांच्या ताब्यात गेला. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या भीषण आगीत आतील लाकडी इमारती नष्ट झाल्या. तट, नऊ बुरूज, पाच दरवाजे, जोती आणि हौद एवढे अवशेष उरले. १९१९ मध्ये वास्तू संरक्षित स्मारक म्हणून घोषित झाली व पुढील काही वर्षांत उत्खनन करून मातीखालची जोती मोकळी करण्यात आली.

रचना

जळालेल्या इमारती पुन्हा उभारण्यात आलेल्या नाहीत. दगडी जोती आहेत तशी राखून मधल्या जागेत हिरवळ व पायवाटा करण्यात आल्या. त्यामुळे दालने आणि चौक यांचा मूळ आराखडा चालताना ध्यानात येतो. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे येथील प्रमुख अवशेष आहे. बाहेरील पटांगणात पहिल्या बाजीरावाचा अश्वारूढ पुतळा आहे.

सार्वजनिक वापर

विसाव्या शतकात पटांगण पुण्यातील राजकीय सभांचे प्रमुख ठिकाण बनले. संयुक्त महाराष्ट्र चळवळीच्या काळात येथे आचार्य अत्रे यांच्यासह अनेक नेत्यांच्या सभा झाल्या. तट व दिल्ली दरवाजा यांची पार्श्वभूमी आणि जुन्या पेठांशी असलेली जवळीक यांमुळे सांस्कृतिक कार्यक्रमांसाठीही मैदानाचा वापर होत आला आहे.

संवर्धन आणि परिसर

वाडा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत आहे, तर पटांगणाची व्यवस्था पुणे महानगरपालिका पाहते. १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक अधिनियमातील २०१० च्या दुरुस्तीनुसार संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई असून त्यापुढील २०० मीटरपर्यंत ते नियंत्रित आहे. या तरतुदीमुळे स्मारकाभोवतीचा मोकळेपणा टिकण्यास मदत होते. मात्र लगतच्या पेठांतील जीर्ण वाड्यांचा पुनर्विकास रखडल्याने रहिवाशांनी नियम शिथिल करण्याची मागणी वेळोवेळी केली आहे. अवशेषांचे रक्षण आणि त्यांच्या सावलीत राहणाऱ्यांचा सुरक्षित निवारा यांचा मेळ घालणे हा या परिसराच्या नियोजनातील मुख्य प्रश्न आहे.